बरगंडीच्या द्राक्षउतारांवरील सायकल-भ्रमंती

फ्रान्सच्या पूर्वेकडील बरगंडी (फ्रेंच नाव बूर्गोन्य) प्रांतात द्राक्षबागा, दगडी गावे आणि त्यांच्या पाठीमागचे डोंगर सायकलने पाहण्याचा प्रघात. दिजों शहरापासून दक्षिणेला बोन, सांतने, क्ल्युनी आणि माकोंपर्यंत हा पट्टा पसरला आहे. त्यातला सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे 'कोत द'ओर', सुमारे ६० किमी लांबीचा पूर्वाभिमुख उतार. इथल्या बागांच्या वेगवेगळ्या तुकड्यांना 'क्लिमा' म्हणतात. असे १,२४७ क्लिमा २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. हे तुकडे बहुधा काही हेक्टरांचेच, कधी त्याहूनही लहान असतात. मोटारीतून त्यांतला फरक दिसत नाही, आणि पायी चालत एका दिवसात दोन-तीन गावेच होतात. या प्रदेशासाठी सायकल हेच योग्य वाहन ठरते ते यामुळे.

उताराची रचना

सहलीची आखणी नकाशावरच्या अंतरावरून केली की ती फसते. इथे आधी उतार वाचावा लागतो. सोन नदीचे खोरे खचले आणि त्याच्या पश्चिम काठावर ज्युरासिक काळातील चुनखडक व मार्ल (चुनखडीयुक्त चिकणमाती) यांची पायरी उघडी पडली. ही पायरी म्हणजेच कोत. पायथ्याची सपाटी समुद्रसपाटीपासून साधारण २०० ते २२० मीटरवर आहे. तिथे माती खोल आणि ओलसर, म्हणून वाइन साधी. २५० ते ३०० मीटरच्या मधल्या पट्ट्यात पाण्याचा निचरा उत्तम होतो. सर्वोच्च प्रतीच्या, म्हणजे 'ग्रां क्रू' दर्जाच्या बहुतेक बागा याच पट्ट्यात आहेत. त्याच्या वर माती पातळ होत जाते, मग खडक आणि जंगल लागते. जंगलापलीकडच्या पठारी, दऱ्याखोऱ्यांच्या प्रदेशाला 'ओत-कोत' म्हणतात.

वाइनची प्रतवारी ठरवणारा हा उतार सायकलस्वाराचे श्रमही ठरवतो. मधल्या पट्ट्यातून दक्षिणोत्तर, म्हणजे समोच्च रेषेला (एकाच उंचीला) धरून गेले तर दिवसभरात किरकोळ चढउतार लागतात. गाव सोडून पश्चिमेकडे वळले की दोन-तीन किलोमीटरांत १५० ते २०० मीटर चढावे लागते, म्हणजे ७ ते ८ टक्के चढ. शिवारातल्या सरळ वाटांवर तो १२ टक्क्यांपर्यंतही जातो. वर जायचे असेल तर सरळ वाटेऐवजी 'कोंब' धरावी. कोंब म्हणजे उतार चिरून आलेली अरुंद घळ. तिच्यातला रस्ता लांब पडतो, पण चढ सौम्य असतो आणि जंगलाची सावली मिळते. साव्हिन्यी-ले-बोनहून रोंआं ओढ्याच्या काठाने बुईयांला जाणारा रस्ता याचे उत्तम उदाहरण आहे.

सावलीचा प्रश्न इथे खरा आहे. नाशिक-सांगलीकडे मांडवावर चढवलेल्या बागा पाहिलेल्यांना बरगंडीची बाग खुजी वाटेल. एक मीटर बाय एक मीटरवर लावलेल्या, हेक्टरी सुमारे १०,००० वेली तारांवर कंबरेच्या जरा वर ठेवतात. त्यांच्या आडोशाला उभे राहता येत नाही. अधूनमधून 'काबोत' दिसते. पूर्वी शेतमजुरांसाठी नुसते दगड रचून बांधलेली ही खोपटी अचानक आलेल्या पावसात उपयोगी पडते.

मार्ग

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बोनमध्ये मुक्काम करावा. गाव तटबंदीचे आहे, दिजों–माकों रेल्वेमार्गावर आहे आणि तिथे भाड्याच्या सायकली मिळतात. १४४३ मध्ये निकोला रोलें आणि गिगोन द सालें यांनी गरिबांसाठी स्थापलेले इस्पितळ रंगीत कौलांच्या छपरासह आजही उभे आहे. ते पाहायला अर्धा दिवस राखून ठेवावा.

बोन ते सांतने हा सुमारे २२ किमीचा 'व्वा दे व्हीन्य' (द्राक्षवेलींची वाट) पोमार, वोल्ने, मर्सो, प्युलिन्यी-मोंराशे आणि शासान्य-मोंराशे या गावांतून जातो. वाट मुख्यतः शेतरस्त्यांची आहे: कुठे डांबर, कुठे काँक्रीट, कुठे पांढरी खडी. चढ छोटे आहेत, वोल्नेच्या आसपासचे तेवढे दम काढतात. न थांबता दोन तासांत वाट संपते, पण तसे करण्यात काही अर्थ नाही. भिंतींवर कोरलेली बागांची नावे वाचत, गावाच्या चौकात थांबत गेले तर पूर्ण सकाळ जाते, आणि ती तशीच जावी.

सांतनेहून आल्या वाटेने न परतता डोंगरातून वळसा घेतला तर ५५ ते ६० किमीचे एक सुंदर वर्तुळ होते. सांतनेहून नोले गावी जावे. तिथे चौदाव्या शतकातला लाकडी खांबांचा बाजार-मंडप आहे, त्याच्या छपरावर जड दगडी फरशा आहेत. पुढे ला रोशपोचा किल्ला, मग बोबिन्यी आणि ओर्शच्या चुनखडी कड्यांखालचा रस्ता. तिथून सें-रोमें, ओक्से आणि मर्सोवरून बोनला परत. नोलेनंतरचे चढ आणि भूक यांची गाठ पडली तर हाल होतात, म्हणून जेवण नोलेतच उरकावे.

दिजों ते बोन या उत्तर भागात 'रूत दे ग्रां क्रू' ही १९३७ मध्ये आखलेली वाइन-वाट आहे. तिचा डी १२२ हा छोटा रस्ता जव्रे-शांबेर्तें, मोरे-सें-दनी आणि शांबोल-म्युझिन्यी या गावांना जोडत वूजोपर्यंत येतो. वूजोची सुमारे ५० हेक्टरांची, भिंतीने वेढलेली बाग सितो मठाच्या सिस्टर्शियन साधूंनी बाराव्या शतकापासून उभी केली. या भागात डी ९७४ हा महामार्ग टाळावा. तो सपाट व सरळ असल्याने मोह होतो, पण ट्रक वेगाने जातात आणि कडेला जागा कमी असते.

चढ नकोच असेल तर शान्यीहून 'कानाल द्यू सांत्र' या कालव्याच्या काठाने शालों-स्यूर-सोन गाठता येते. दक्षिणेला जिव्री ते क्ल्युनी ही ४४ किमीची वाट जुना लोहमार्ग उखडून केलेली आहे. १९९७ मध्ये खुली झालेली ही वाट फ्रान्समधील या प्रकारच्या 'हरित मार्गां'पैकी पहिली मानली जाते. रेल्वेसाठी आखलेली असल्याने तिच्यावर तीव्र चढ नाहीत. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी बोनऐवजी इथूनच सुरुवात केलेली बरी. क्ल्युनीत ९१० मध्ये स्थापलेल्या मठाचे अवशेष आहेत. पुढे माकोंकडे जाताना बुआ-क्लेरचा सुमारे १.६ किमी लांबीचा बोगदा लागतो. वटवाघळांच्या विश्रांतीसाठी तो हिवाळ्यात बंद असतो आणि खिंडीवरून जावे लागते. उन्हाळ्यात बाहेर ऊन पेटलेले असले तरी आत चांगलीच थंडी वाजते, जॅकेट पिशवीच्या तळाशी नसावे. शेवटी सोल्युत्रेचा ४९३ मीटर उंचीचा कडा येतो.

सायकल आणि सामान

चढावर उपयोगी पडते ती गिअरची खालची बाजू. पुढच्या चकतीला २८ आणि मागच्या चकतीला ३४ दाते असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे पावणेदोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी सहा-साडेसहा किमी. सामानासह ८ टक्के चढ गुडघे न दुखावता चढायला हे प्रमाण पुरते. पुढची सर्वांत लहान चकती ३४ दात्यांची असेल तर मागे किमान ४० दात्यांची लागते. शर्यतीच्या सायकली याच ठिकाणी कमी पडतात. चढाच्या मध्यात पायडलवर पूर्ण भार असताना गिअर बदलला तर चेन अडकते किंवा तुटते. गिअर चढाच्या आधीच उतरवून घ्यावा.

टायर ३२ ते ४० मिमी रुंदीचे असावेत. चुनखडीचे टोकदार तुकडे अरुंद टायर कापतात. ३५ मिमीच्या टायरला पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआय हवा मध्यम वजनाच्या स्वाराला ठीक. यापेक्षा बरीच कमी ठेवली तर पाणी वाहून नेणाऱ्या आडव्या काँक्रीट चरांवर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि सापाच्या दंशासारखी दोन छिद्रे पडतात. या चरांवर चाक काटकोनात न्यावे.

पावसानंतर मार्लचा चिखल ही वेगळीच पीडा आहे. तो टायरला चिकटतो, मडगार्डमध्ये भरतो आणि पाच मिनिटांत चाक फिरायचे थांबते. टायर आणि मडगार्ड यांत बोटभर फट ठेवावी, जवळ एक काडी असावी. पावसाच्या दुसऱ्या दिवशीही मातीच्या वाटा सोडून डांबरी रस्ताच धरावा.

सामान १० ते १२ किलोंपेक्षा जास्त नको. फक्त मागच्या कॅरिअरवर लादले तर तीव्र चढावर पुढचे चाक हलके पडून हँडल भरकटते, आणि मागच्या चाकाचे आरे तुटतात, बहुधा चेनच्या बाजूचे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नयेत: रिम किंवा डिस्क तापते आणि पकड सुटते. वळणाआधी जोर लावून वेग कमी करावा, मग ब्रेक सोडावा. भारतात बऱ्याच सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला. भाड्याची सायकल घेतल्यावर पहिली दहा मिनिटे मोकळ्या जागेत हातांना ही सवय करून द्यावी.

विजेची सायकल तिथेच भाड्याने घ्यावी. १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही, आणि सायकलींच्या बॅटऱ्या साधारण ४०० वॅट-तासांच्या पुढे असतात.

रस्त्याचे नियम

वाहने उजवीकडून चालतात. चौकातल्या गोल चक्राला घड्याळाच्या उलट दिशेने वळसा घालायचा आणि आधीच चक्रात असलेल्यांना वाट द्यायची. खेड्यात चौकाला कोणतीही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही लहान असो. डावीकडून चालायची सवय असलेल्यांची चूक नेमकी इथे होते. बारा वर्षांखालील मुलांना २०१७ पासून हेल्मेट सक्तीचे आहे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट घालणे बंधनकारक आहे. कानात इअरफोन घालून सायकल चालवली तर १३५ युरो दंड होतो.

रक्तातील अल्कोहोलची लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. एका तळघरात सहा वाइन, प्रत्येकी ४० मिलि, चाखल्या तर २४० मिलि होतात. १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये हे सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते, आणि ७० किलोच्या पुरुषाला मर्यादेपर्यंत न्यायला ते पुरते. कमी वजनाच्या व्यक्ती, आणि सर्वसाधारणपणे स्त्रिया, मर्यादा आधीच ओलांडतात. म्हणून टेबलावर थुंकण्याचे भांडे ठेवलेले असते. ते वापरणे असभ्य नाही, वाइनचे जाणकारही तेच करतात. गिळायचेच असेल तर चाखणे दिवसाच्या शेवटी, मुक्कामाच्या गावात ठेवावे. लहान बागायतदारांकडे आधी वेळ ठरवून जावे लागते. भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते आणि उन्हात वाइन बिघडते. बाटल्या पाठवून देण्याची सोय विचारावी.

पाणी, जेवण, ऋतू

दुकाने दुपारी बंद असतात आणि उपाहारगृहांत जेवण साधारण बारा ते दीड-दोनपर्यंतच मिळते. रविवारी दुपारी आणि सोमवारी बरेच काही बंद, तेव्हा ब्रेड, चीज आणि फळे आदल्या दिवशी घ्यावीत. उन्हाळ्यात ताशी पाऊण लिटर पाणी धरावे. 'ओ पोताब्ल' अशी पाटी असलेल्या नळाचे पाणी पिण्याजोगे, पाटीत 'नों' असेल तर नाही. गावात नळ सापडला नाही तर दफनभूमीच्या फाटकाशी पाहावे, फुलांसाठी तिथे बहुधा नळ असतो. मात्र पिण्याआधी पाटी वाचावी.

मे-जून आणि सप्टेंबर हे चांगले महिने. मात्र मे ते जुलै फवारणीचा काळ असतो. वेलींच्या ओळीवरून फाकल्या पायांनी चालणारा उंच ट्रॅक्टर औषध मारत असेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावे. चालक उंचावर बसलेला असतो, चाकाजवळचा सायकलस्वार त्याला दिसत नाही. तोडणी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये होते. तेव्हा बागा सर्वांत जिवंत असतात, पण खोल्या मिळत नाहीत आणि वळणांवर सांडलेल्या द्राक्षांनी रस्ता निसरडा होतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनच्या इस्पितळाच्या वाइनचा लिलाव असतो, त्या आठवड्यात गावात शिरूच नये. थंड उत्तरवारा 'बीझ' वाहत असेल तर दिजोंहून दक्षिणेकडे निघावे आणि प्रादेशिक 'तेएर' रेल्वेने सायकलसह परतावे.