‘फिजिक्स आपलं काम नव्हे’ आणि ‘हे मला येईल’ : दोन्ही आत्मविश्वासच?

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत एसएसएलसीला (दहावीला) पहिली आलेली मुलगी बेळगावात पीयूसी (अकरावी) सायन्सला येते. पुस्तक इंग्रजी, शिकवणं इंग्रजी, शेजारच्या बाकावर सीबीएसईतून आलेल्या मुली. पहिली टेस्ट झाली की घरी सांगते, ‘फिजिक्स आपलं काम नव्हे.’ घरचे म्हणतात, पोरीचा आत्मविश्वास गेला. सरही तेच म्हणतात आणि चार शब्द धीराचे सांगतात. त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते.

‘फिजिक्समध्ये मी कशी?’ याचं मनातलं उत्तर म्हणजे त्या विषयातली स्वप्रतिमा. ती बरीचशी तुलनेतून बनते. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की तेवढ्याच कुवतीचं मूल हुशार मुलांच्या वर्गात बसलं की स्वतःला कमी लेखू लागतं. लहान तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात गेला, एवढंच. वरच्या मुलीचं नेमकं हेच झालंय. तिचं डोकं सुट्टीत कमी झालेलं नाही.

‘हे समोरचं काम मला जमेल का?’ हा प्रश्न निराळा. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला स्वक्षमतेवरचा विश्वास तो हाच. तो एकेका कामापुरता असतो आणि त्याचं सगळ्यात मोठं खाद्य म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. कौतुकाचे शब्द त्यामानानं फिके.

शोधातून शिकवण्याचा, म्हणजे मुलांना स्वतः करून उत्तर शोधू देण्याचा, परिणाम आधी या विश्वासावर होतो. खिडकीच्या गजाला एक मीटर दोरीनं लोखंडी नट टांगा आणि विचारा, नट जड लावला तर झोका लवकर पुरा होईल का? ‘होय की सर!’ बराच वर्ग म्हणतो. मग मोजू दे. झोका लहान ठेवला तर वीस झोक्यांना साधारण चाळीस सेकंद. जड नट लावला तरी चाळीसच! दोरी पंचवीस सेंटिमीटर केली की वीस सेकंद. एकच झोका मोजला तर मोबाइलचं बटण दाबण्यातला उशीरच आकडा बिघडवतो, म्हणून वीस मोजायचे. हे एखाद्या पोरानं स्वतः ओळखलं, तर त्या दिवशी त्यानं खरं फिजिक्स केलं. रेकॉर्ड बुकात सीनियरचे आकडे उतरवून, ‘जी’ (गुरुत्वत्वरण) ९८० यावा म्हणून मागून जुळवाजुळव करणाऱ्याला हे मिळत नाही.

पण दोन आठवड्यांनी ‘मी फिजिक्समध्ये हुशार आहे’ यावर हो-नाही विचारलं, तर फरक दिसेलच असं नाही. स्वप्रतिमा सावकाश हलते, आणि पुढच्या टेस्टचे मार्क तिला परत खाली ओढू शकतात. तेवढ्यावरून पद्धत फसली म्हणणं घाईचं. उलट, सामान पुढ्यात टाकून सर खुर्चीत बसले, तर मुलं चाचपडतात, आणि न जमल्याचा अनुभवही तितकाच मुरतो. सुरुवातीला प्रश्न सरांनी द्यावा, मोजायचं कसं ते मुलांनी ठरवावं. चर्चा खुशाल मराठीत होऊ द्या. आलेखावर नावं इंग्रजीत लिहिली की पुढच्या पेपरचीही सोय होते.

आणि विचारायचंच असेल, तर ‘फिजिक्स जमतं का गं?’ असं नको. ‘एक मीटरची दोरी अर्धी केली, तर वीस झोक्यांना किती सेकंद? काढून दाखवशील?’ असं विचारा. वीस म्हणणारे पुष्कळ निघतील. येतात अठ्ठावीसच्या आसपास.