भाषण आणि उपसूचना: घटनादुरुस्तीच्या चर्चेत खासदार नेमकं काय करतो?

"आमच्या खासदारांनी घटनादुरुस्तीच्या चर्चेत जोरदार बाजू मांडली" अशी बातमी आली की वाचणाऱ्याला वाटतं, त्यांच्यामुळे कायद्यात काहीतरी बदललं असणार. बऱ्याचदा एक अक्षरही बदललेलं नसतं. सभागृहात भाषण करणं हे एक काम आणि विधेयकातल्या एखाद्या खंडाला (म्हणजे कलमाला) उपसूचना, म्हणजे मजकुरात बदल करण्याचा प्रस्ताव, देणं हे दुसरं. दोन्ही एकाच विधेयकावर, अनेकदा एकाच दिवशी आणि कधीकधी एकाच सदस्याकडून होतात. त्यामुळे बातमीत दोन्हींची सरमिसळ होते.

भाषण होतं ते विधेयक विचारात घ्यावं या प्रस्तावावरच्या सर्वसाधारण चर्चेत. इथे वेळ पक्षाच्या संख्याबळावर मिळतो. सरकारचा हेतू, इतिहास, आपल्या मतदारसंघाचं गाऱ्हाणं, मध्येच एखादा शेर, सगळं चालतं. शेवटी मंत्री उत्तर देतात. त्यानंतर विधेयक खंडवार मतांना टाकलं जातं, आणि नेमक्या याच वेळी प्रेक्षक टीव्ही बंद करतात. उपसूचनेची जागा ही. तिची सूचना आधी लेखी द्यावी लागते आणि तिची भाषा अगदी रुक्ष असते: अमुक पानावरच्या अमुक ओळीतले अमुक शब्द गाळावेत, त्यांच्याऐवजी तमुक शब्द घालावेत. टाळ्या मिळवण्याची सोय तिच्यात नाही.

घटनादुरुस्ती विधेयकात आणखी एक गंमत आहे. अनुच्छेद 368 नुसार अशा विधेयकाला विशेष बहुमत लागतं: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश. सभागृहात प्रत्येक खंडही याच बहुमताने संमत करून घ्यावा लागतो. मात्र खंडाला आलेली उपसूचना साध्या बहुमताने मंजूर होते. म्हणजे खंड बदलणं सोपं, बदललेला खंड टिकवणं अवघड.

याचं उदाहरण 31 जुलै 2017 ला राज्यसभेत दिसलं. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणारं 123 वं घटनादुरुस्ती विधेयक चर्चेला होतं. दिग्विजय सिंह, महाराष्ट्रातले हुसेन दलवाई अशा काँग्रेस सदस्यांच्या उपसूचना खंड 3 ला होत्या. आयोगावर महिला आणि अल्पसंख्याक समाजातला सदस्य असावा, असा त्यांचा आशय. सत्ताधारी बाकांवर हजेरी कमी होती. मतविभागणी (म्हणजे मतं मोजून मतदान) झाली आणि उपसूचना 74 विरुद्ध 52 मतांनी मंजूर झाली. मग दुरुस्त झालेला खंड मतांना टाकला, तर त्याला दोन तृतीयांश मिळेनात. खंड 3 पडला, आणि त्याच्याशिवाय विधेयक संमत झालं. आयोगाची तरतूद, म्हणजे नवा अनुच्छेद 338ख, याच खंडात होती! विधेयक पुन्हा लोकसभेत न्यावं लागलं आणि सगळं मार्गी लागायला ऑगस्ट 2018 उजाडला. तेव्हा ती 102 वी घटनादुरुस्ती झाली. उपसूचना मांडणाऱ्यांना हाच परिणाम हवा होता का, हा प्रश्न वेगळा. पण त्या दिवशी कितीही प्रभावी भाषण झालं असतं, तरी त्याने खंड पडला नसता.

याच 102 व्या दुरुस्तीची दुसरी बाजू महाराष्ट्राला चांगलीच ठाऊक आहे. तिने आलेल्या अनुच्छेद 342क मध्ये मागासवर्ग निर्देशित करण्याचा, म्हणजे कोणते समाज मागास ते यादीत नोंदवण्याचा, अधिकार राष्ट्रपतींना दिला होता. मग राज्यांच्या स्वतःच्या यादीचं काय, ही शंका संसदेतच निघाली होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने (विधेयक बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीने) आपल्या अहवालात आणि मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की राज्यांच्या अधिकाराला धक्का नाही. आश्वासन स्पष्ट होतं आणि नोंदवलंही गेलं होतं. अनुच्छेदाच्या शब्दांत मात्र ते उतरलं नाही.

5 मे 2021 ला मराठा आरक्षणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे हाच पेच होता. संसदेतली ती विधानं लक्षात घेऊन राज्यांचा अधिकार शाबूत आहे, असं दोघांचं मत पडलं. उरलेल्या तिघांच्या मते अनुच्छेदाचे शब्द स्पष्ट होते, त्यामुळे राज्यांना हा अधिकार उरला नव्हता. (मराठा आरक्षणाचा कायदा रद्द होण्यामागे एकूण आरक्षणाच्या 50 टक्के मर्यादेचा मुद्दाही होता आणि त्यावर पाचही जणांचं एकमत होतं, दोन्ही मुद्द्यांची गल्लत नको.) साधारण तीन महिन्यांत संसदेला 105 वी घटनादुरुस्ती करावी लागली. राष्ट्रपतींची यादी केंद्र सरकारच्या प्रयोजनांपुरती आहे आणि राज्यांना आपली यादी करता येईल, हे आता थेट अनुच्छेदात लिहिलं गेलं. 2018 मध्येच एवढे शब्द उपसूचनेतून आत गेले असते, तर निदान हा अर्धा वाद टळला असता असं माझं मत. 105 व्या दुरुस्तीच्या चर्चेत 50 टक्क्यांची मर्यादा उठवा, अशीही मागणी अनेक खासदारांनी केली. ती भाषणांत आहे, दुरुस्तीत नाही.

म्हणून भाषण फुकाचं, असं मात्र नाही. 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली तेव्हा भाषणस्वातंत्र्यावरच्या नव्या निर्बंधांना संसदेत आणि बाहेर कडाडून विरोध झाला. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि हृदयनाथ कुंझरू हे खासदार त्यातले ठळक आवाज. विधेयक प्रवर समितीकडे गेलं आणि परत आलं ते निर्बंधांच्या आधी 'वाजवी' हा शब्द घेऊन. आजही सरकारने घातलेला निर्बंध न्यायालय तपासतं ते याच शब्दाच्या आधारे. मजकूर पक्का होण्याआधी उठवलेला आवाज असा कामी येऊ शकतो. सरकारने मसुदा ठरवला आणि पक्षाने व्हिप (कसं मत द्यायचं याचा आदेश) काढला की भाषणाची मजल नोंदीपर्यंतच. व्हिप बांधतो तो मताला. त्यामुळे दहा मिनिटं विधेयकाची चिरफाड करून त्याच्याच बाजूने मत देणारे सदस्य दिसतात, आणि त्यात नियमभंग काही नाही.

एखाद्या खासदाराची कामगिरी तपासायची तर त्या दिवसाच्या कार्यवृत्तात भाषणावर न थांबता खंडवार मतदानाची पानं उघडावीत. उपसूचना त्यांच्या नावावर आहे का? ती आवाजी मतदानाने नामंजूर झाली, की त्यांनी मतविभागणी मागितली? मंत्र्यांच्या आश्वासनावर मागे घेतली का? आणि एक नोंद हमखास पाहावी: सूचना दिली होती, अध्यक्षांनी नाव पुकारलं, पण सदस्य जागेवर नव्हते, म्हणून ती मांडलीच गेली नाही.