एकच ‘विणणं’, दोन प्रकरणं: होजियरीवरच्या सीमाशुल्काची पार्श्वभूमी

पैठणचा कारागीर पैठणी विणतो आणि आजी दोन सुयांवर स्वेटर विणते. मराठीत क्रियापद एकच. सीमाशुल्काच्या दरपत्रकात मात्र इथे प्रकरणच बदलतं. फासात फास अडकवून झालेले कपडे 61 व्या प्रकरणात, ताण्या-बाण्याच्या कापडातून शिवलेले 62 व्या. पहिल्या प्रकाराला बाजारात होजियरी म्हणतात. लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीवर टी-शर्ट, लेगिंग विकणाऱ्याने परदेशी माल मागवला, की हा फरक त्याला समजून घ्यावाच लागतो.

सीमेवरची जकात मराठवाड्याला नवी नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामी राज्यात होतो आणि जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. 1802 च्या करारात निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात शेकडा 5 असा दर ठरला होता. सगळ्या मालावर एकच दर असला, की कापड कसं विणलंय हे विचारायची फारशी गरज पडत नाही. मालागणिक दर बदलले आणि देशादेशांना एकमेकांचे आकडे ताडून पाहायचे झाले, तेव्हा वर्गीकरणाचं महत्त्व वाढलं.

त्यासाठी 1950 मध्ये ब्रुसेल्सला एक सामाईक यादी ठरली आणि ती 1959 मध्ये लागू झाली. तिच्या 60 व्या प्रकरणात होजियरीचं कापड आणि कपडे एकत्रच होते, आणि कपड्यांचे आत घालायचे नि वरून घालायचे असे भाग होते. टी-शर्ट आतल्या कपड्यांत मोडायचा! भारताचा 1975 चा सीमाशुल्क दर कायदा याच धर्तीवर झाला. पुढे ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ या नव्या सामाईक यादीचा करार 1983 मध्ये झाला. ती 1 जानेवारी 1988 पासून जगभर आली, भारताने मात्र आपलं दरपत्रक फेब्रुवारी 1986 मध्येच तसं बदललं. कापड 60 मध्ये राहिलं, कपडे 61 मध्ये गेले. जुन्या नात्याची खूण अजून दिसते: 6109 या शीर्षकाखाली टी-शर्ट आणि बनियन आजही शेजारी आहेत.

हे नियम इतके बारीक का, याचं एक कारण कोट्यात आहे. 1974 पासून मल्टी फायबर करारानुसार श्रीमंत देश कपड्यांच्या आयातीवर प्रकारवार मर्यादा घालत. कपडा शर्ट ठरतो की स्वेटर, यावर कंटेनर आत येणार की नाही हे ठरायचं. कोटे 1 जानेवारी 2005 ला संपले, मोजमाप मात्र उरलं. होजियरीचा पुरुषी शर्ट 6105 मध्ये बसवायचा, तर किमान 10 बाय 10 सेंटीमीटर तुकड्यावर टाके मोजतात. उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना सरासरी दर सेंटीमीटरला 10 पेक्षा कमी टाके भरले, तर तो 6105 मधून बाहेर. कमरेखाली खिसा किंवा खाली आवळणारी रिबची पट्टी असली तरी बाहेर. मला हा नियम आवडतो, कारण भिंग घेऊन कुणीही तो पडताळू शकतो. मिश्र धाग्यात ज्याचं वजन जास्त, त्याचं नाव. म्हणजे 60 टक्के पॉलिस्टर असलेला टी-शर्ट ‘सुती’ म्हणून आणता येत नाही.

आपल्याकडे तयार कपड्यांची आयात बराच काळ परवान्यांत अडकलेली होती. जागतिक व्यापार संघटनेत अशा आयात निर्बंधांवरचा वाद 1999 मध्ये भारत हरला आणि 715 वस्तूंवरचे उरलेले निर्बंध 1 एप्रिल 2001 ला उठले. 2011 मध्ये बांगलादेशी कपड्यांना शुल्कमाफी मिळाली, ऑगस्ट 2018 मध्ये 328 कापड-वस्तूंवरचं शुल्क 10 वरून 20 टक्के झालं. मे 2025 पासून बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून बंद झाले, न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरं उरली.

त्याच 2025 च्या अर्थसंकल्पात दरपत्रकातल्या होजियरी कापडाच्या नऊ ओळींवर 20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, यांतलं जे जास्त ते शुल्क आलं. कापसाचं उलट झालं. त्याच्यावर 2021 पासून 11 टक्के आयात शुल्क होतं, ते 19 ऑगस्ट 2025 पासून वर्षअखेरपर्यंत उठवलं गेलं. कापूस आणि बनियन दरपत्रकाच्या एकाच अकराव्या विभागात आहेत, मध्ये नऊ प्रकरणांचं अंतर. कापडाला आडोसा मिळाला आणि परभणी-जालन्याच्या वेचणीच्या तोंडावर कापसाचा आडोसा गेला, हे मला खटकतं.