संशोधनाच्या डेटाची दुसरी प्रत: कुलाबा ते न्हावा शेवा

महापे-ऐरोलीत डेटा सेंटरं उभी राहिली, तरी पीएचडीची सगळी मोजमापं एका लॅपटॉपवर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच बॅगेत, असं नवी मुंबईच्या प्रयोगशाळांतही सर्रास चालतं. बॅग हरवली की दोन्ही प्रती गेल्या. प्रत वेगळ्या जागी हवी, हे शहाणपण मात्र संगणकाहून जुनं आहे.

त्याचा उत्तम दाखला नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वारशात आहे. सप्टेंबर १८५९च्या सौरवादळात कुलाबा वेधशाळेतले निरीक्षक दर काही मिनिटांनी चुंबकमापकाचे आकडे हाताने उतरवत होते. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरलं. त्या नोंदी जपल्या गेल्या, म्हणूनच २००३ साली या संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या गटाला त्या वादळाची तीव्रता काढता आली. पुढे विजेच्या ट्रामचा चुंबकीय नोंदींत अडथळा नको म्हणून वेधशाळा अलिबागला गेली, तेव्हा १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. मालिका तुटू नये म्हणून घेतलेली ही काळजी मला फार मोलाची वाटते.

अनेक देशांनी मिळून पृथ्वीचा अभ्यास केलेल्या १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात हाच विचार जगभर राबवला गेला. शीतयुद्ध ऐन भरात असूनही अमेरिका, सोव्हिएत संघ, पश्चिम युरोप आणि जपान इथल्या जागतिक डेटा केंद्रांत नोंदींच्या प्रती ठेवल्या. भूचुंबकत्वाचं असं एक केंद्र पनवेलची संस्थाही चालवते.

जून २०१७मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं संगणकांचं जाळं कोलमडलं आणि न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम अडलं. कंपनीच्या डोमेन कंट्रोलरच्या (नेटवर्कवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या सर्व्हरच्या) प्रती एकमेकींशी जोडलेल्या, त्यामुळे एकदमच गेल्या. वाचली ती घानामधली, कारण तिथे तेव्हा वीज गेलेली होती. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या गावी, हा ३-२-१ नियम आज सांगितला जातो. त्यात एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी, ही भर अशा हल्ल्यांमुळे पडली.

हल्ला नसतानाही डेटा जातो. डिसेंबर २०२१मध्ये क्योतो विद्यापीठात जुन्या लॉग फाइल (संगणकाच्या कामाच्या नोंदी) पुसणारी बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, चालू असतानाच बदलली गेली आणि संशोधकांच्या सुमारे ७७ टेराबाइट फाइल पुसल्या गेल्या. फटका १४ गटांना बसला. त्यांतल्या चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही.