मेमरी कार्डाची हार्ड डिस्क: कॉम्पॅक्टफ्लॅश आणि आयडीईच्या जुन्या नात्याची पार्श्वभूमी

जुन्या मशीनची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली आणि तशीच दुसरी बाजारात मिळेना, की जाणकार एकच सल्ला देतात: कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड (डिजिटल कॅमेऱ्यात असायचं ते मेमरी कार्ड) घ्या, आयडीईचा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीचा, अडॅप्टर घ्या आणि मशीन सुरू करा. सल्ला बहुतेक वेळा लागू पडतो. मशीनला कार्ड म्हणजे साधी हार्ड डिस्कच वाटते. ड्रायव्हर लागत नाही, सेटिंगही क्वचितच बदलावं लागतं.

तो अडॅप्टर एकदा हातात घेऊन नीट बघा. एका बाजूला ५० पिनांचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला रिबन केबलसाठी ४० पिना, जवळच फ्लॉपी ड्राइव्हला लागते तशी छोटी पॉवरची जोडणी, एका केबलवरच्या दोन डिस्कांपैकी पहिली कोणती (मास्टर-स्लेव्ह) हे ठरवणारा जम्पर, एक-दोन एलईडी. मधे तांब्याच्या नुसत्या रेघा. माहितीची भाषा बदलणारी चिप त्यावर नसतेच, कारण बदलायला काही नाही. कार्ड आणि मदरबोर्ड एकाच भाषेत बोलतात. याला सर्रास जुगाड म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ही सोय कार्ड बनवणाऱ्यांनी पहिल्यापासून जाणूनबुजून ठेवलेली आहे.

सुरुवात होते १९८६च्या आसपास. त्याआधी पीसीतल्या हार्ड डिस्कमध्ये मोटर, तबकड्या आणि वाचणारं डोकं एवढंच असायचं. डिस्क चालवणारी अक्कल वेगळ्या कंट्रोलर कार्डावर असे आणि ते कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसे. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कॉनर यांनी हा कंट्रोलर उचलून थेट डिस्कच्या अंगावर बसवला. हेच आयडीई, पुढे प्रमाणित झालेलं एटीए. आता कॉम्प्युटरने फक्त ‘अमुक सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) दे’ एवढंच म्हणायचं. आत तबकडी फिरते की आणखी काही आहे, याच्याशी त्याला देणंघेणं उरलं नाही. डिस्कच्या जागी दुसरं काहीही बसवण्याची वाट तिथेच मोकळी झाली.

ते ‘दुसरं काही’ जपानमध्ये तयार होत होतं. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४मध्ये फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली आणि १९८७मध्ये तिचा नँड हा प्रकार. वीज गेली तरी मजकूर टिकतो, हा तिचा मोठा गुण. पण तिच्या खोडीही आहेत. एकेक बाइट पुसता येत नाही, अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. आणि प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो, मग तो झिजतो. म्हणून नुसती फ्लॅश डिस्कच्या जागी ठेवून भागत नाही. या खोडी झाकणारा कंट्रोलर सोबत लागतोच.

हे काम अंगावर घेतलं कॅलिफोर्नियातल्या सनडिस्कने, म्हणजे आजच्या सॅनडिस्कने. १९८८मध्ये ती सुरू करणाऱ्या तिघांपैकी एक संजय मेहरोत्रा. जन्म कानपूरचा, आणि २०१७पासून मायक्रॉन या मेमरी चिप कंपनीचे प्रमुख. बाकीचे दोघे एली हरारी आणि जॅक युआन. १९९१मध्ये या कंपनीने आयबीएमला लॅपटॉपसाठी २० एमबीची फ्लॅश डिस्क दिली, सुमारे १००० डॉलरला. त्याच सुमारास लॅपटॉपमध्ये कडेने कार्ड खोचायचा ६८ पिनांचा पीसीएमसीआयए स्लॉट रुळत होता आणि त्यात एटीए डिस्कसारखी वागणारी फ्लॅश कार्डं येत होती. १९९४मध्ये सॅनडिस्कने तेच कार्ड आवळून ५० पिनांचं आणि ३.३ मिलिमीटर जाडीचं केलं. हेच कॉम्पॅक्टफ्लॅश. कंट्रोलर आतच राहिला, एटीएची भाषा तशीच राहिली.

अडॅप्टरचं सगळं मर्म एका पिनेत आहे. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाला चालण्याच्या तीन तऱ्हा ठरवून दिल्या आहेत. दोन पीसीएमसीआयएच्या वळणाच्या, तिसरी ‘ट्रू आयडीई’. वीज मिळताक्षणी कार्ड नऊ नंबरची पिन तपासतं. ती ग्राउंडला जोडलेली असेल, तर कार्ड पुढे निखळ आयडीई डिस्क म्हणून वागतं. अडॅप्टर बनवणारा ती पिन कायमची ग्राउंडला बांधून टाकतो आणि बाकीच्या तारा जागच्या जागी पोचवतो. कार्डाचं मानक लिहिणाऱ्यांनी ही एक ओळ गाळली असती, तर आज एवढा साधा अडॅप्टर शक्यच नव्हता.

त्याच काळातल्या स्मार्टमीडियाशी ताडून पाहिलं की याची किंमत कळते. तोशिबाने १९९५मध्ये आणलेलं ते कार्ड पापडासारखं पातळ होतं, कारण आत नुसती नँड चिप, कंट्रोलर नाही. अक्कल सगळी कॅमेऱ्यात. परिणाम असा की मोठ्या क्षमतेचं कार्ड आलं तरी जुन्या कॅमेऱ्याला ते कळेना, आणि १२८ एमबीवर तो प्रकार संपला. कॉम्पॅक्टफ्लॅश जाड होतं, महाग होतं, पण एमबीतून जीबीत गेलं तरी जुनी यंत्रं त्याच्याशी बोलत राहिली.

पुढे गंमत झाली. १९९९मध्ये आयबीएमने मायक्रोड्राइव्ह काढली. एक इंचाची खरीखुरी फिरती हार्ड डिस्क, कॉम्पॅक्टफ्लॅशच्या जाड स्लॉटमध्ये बसणारी, १७० आणि ३४० एमबीची. कार्ड डिस्क झालं होतंच, आता डिस्कच कार्ड झाली! २००४च्या आयपॉड मिनीमध्ये अशीच ४ जीबीची ड्राइव्ह होती, आणि ती बिघडल्यावर लोकांनी तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डं बसवली. आयपॉडचं काही अडलं नाही.

हौशी लोकांच्या आधी ही सोय खरी वापरली ती उद्योगांनी. राउटर, मोजणीची यंत्रं, कारखान्यातले कॉम्प्युटर. जिथे धूळ आणि हादरे असतात तिथे फिरती डिस्क टिकत नाही. भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर फॅनुक या जपानी कंपनीचा कंट्रोलर असलेली सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारं यंत्र) पाहिलेल्यांना पडद्याशेजारचा कार्ड स्लॉट आठवेल. तो पीसीएमसीआयएचा, आणि त्यात जाणारं कार्ड बहुधा अडॅप्टरमध्ये बसवलेलं कॉम्पॅक्टफ्लॅश. तिथलाही अडॅप्टर नुसत्या तारांचाच.

नेटवर्कवाल्यांसाठी २००३मध्ये मॅन्युएल कॅस्पर यांनी एमझिरोएनझिरोवॉल ही फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची राखण करणारी, प्रणाली आणली. ती कार्डावरून सुरू होऊन पूर्णपणे रॅममध्ये चालायची आणि सेटिंग बदललं तरच कार्डावर लिहायची. कार्डाच्या स्वभावाला ओळखून केलेलं इतकं नेटकं काम मी फार थोडं पाहिलं आहे. अमिगा १२०० या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या चाहत्यांची वाट त्याहून सोपी होती. त्या मशीनच्या पोटात लॅपटॉपच्या डिस्कसाठी ४४ पिनांचं आयडीई पहिल्यापासूनच होतं.

अडचणी येतात त्या इतिहासातूनच येतात. पहिली, कार्ड स्वतःची ओळख काय सांगतं ही. कॅमेऱ्यासाठी विकलेलं कार्ड ‘मी काढता येणारं आहे’ असं सांगतं, तर औद्योगिक कार्ड ‘मी कायमची डिस्क’ म्हणतं. डॉस किंवा लिनक्सला फरक पडत नाही. विंडोज एक्सपी मात्र काढता येणाऱ्या कार्डावर पहिल्या पार्टिशनपलीकडे (डिस्कच्या पहिल्या विभागापलीकडे) बघत नाही आणि तिथे पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडल्यावर वापरायची फाइल, ठेवत नाही. एक्सपीच चालवायचं असेल, तर औद्योगिक कार्डाला जास्तीचे पैसे मोजणं मला शहाणपणाचं वाटतं.

दुसरी डीएमएची, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता माहिती थेट मेमरीत पोचवण्याच्या पद्धतीची. सुरुवातीच्या कार्डांना डीएमए यायचंच नाही. अल्ट्रा डीएमए आलं ते २००४च्या आवृत्तीत. त्यामुळे जुन्या घडणीच्या स्वस्त अडॅप्टरवर त्यासाठीच्या दोन रेघा ओढलेल्याच नसतात. कार्ड म्हणतं मला येतं, मदरबोर्ड म्हणतो चल, आणि मधली तारच नाही. मशीन सुरू होताना लटकतं. अडॅप्टर बदला, नाहीतर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) डीएमए बंद करून पीआयओवर, म्हणजे प्रोसेसरमार्फतच्या जुन्या संथ पद्धतीवर, चालवा.

तिसरी जुन्या बायोसची. ४८६ प्रोसेसरच्या काळातली बरीच मशीनं डिस्कची जागा मोजताना १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांपलीकडे जात नाहीत, म्हणजे ५०४ एमबी. ८ जीबीचं कार्ड लावलं तरी दिसणार तेवढंच. शिवाय यूएसबी रीडरमध्ये पार्टिशन केलेलं कार्ड अशा मशीनवर बूट न होण्याचीही शक्यता असते, कारण दोघांचं ही जागा मोजण्याचं गणित वेगळं. एफडिस्क हा पार्टिशन करणारा प्रोग्रॅम त्याच मशीनवर चालवावा. आणि स्वॅप (रॅम कमी पडल्यावर डिस्कवर वापरायची जागा) असेल तर ती बंद करावी. मशीन दिवसभर बारीकसारीक लिहीत राहिलं, तर कॅमेऱ्याचं स्वस्त कार्ड लवकर दमतं.

एसडी कार्डाचं प्रकरण वेगळं. १९९९मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी आणलेलं हे कार्ड एटीए बोलतच नाही. म्हणून एसडी-आयडीई अडॅप्टरवर दुभाष्याचं काम करणारी चिप असतेच. काम चालतं, पण कोणतं कार्ड कुठल्या मशीनवर रुसेल हे त्या चिपवर बरंच अवलंबून असतं. घरात चांगलं कॉम्पॅक्टफ्लॅश पडून असेल, तर मी आधी तेच लावेन.

मदरबोर्डवरून आयडीई गेलं तसं कार्डही बदललं. सीफास्टने साटा उचललं, सीएफएक्स्प्रेसने पीसीआय एक्स्प्रेस आणि एनव्हीएमई, म्हणजे आजच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीची भाषा. त्यामुळे आता उलटा प्रकार चालतो. कॅमेऱ्याची सीएफएक्स्प्रेस कार्डं महाग पडतात म्हणून काही जण ३० मिलिमीटर लांबीची एम.२ एसएसडी कार्डाच्या कवचात घालून कॅमेऱ्यात वापरतात. त्या कवचातही मुख्यतः तारांची जोडणीच असते, मात्र एसएसडी किती वीज खाते आणि किती तापते हे आधी पाहून घ्यावं लागतं.