दोन वाऱ्यांचा किनारा

पूर्व आफ्रिकेजवळच्या लामू किंवा झांझिबार बेटावरच्या जुन्या दगडी घरातल्या खोल्या लांबीला ऐसपैस, पण रुंदीला जेमतेम तीन मीटर असतात. घर बड्या व्यापाऱ्याचं असलं तरी तेच. याचं कारण वर पाहिलं की कळतं. दगडचुन्याचं जड छत पेलायला तिथे कांदळवनातल्या झाडांचे सोट ओळीनं टाकत. ‘बोरिती’ म्हणतात त्यांना. लाकूड कठीण, टॅनिन या तुरट द्रव्यामुळे वाळवीलाही सहसा दाद न देणारं, पण सरळ सोट मिळणार तो तेवढाच. म्हणजे दिवाणखान्याची रुंदी खाडीतल्या झाडानं ठरवली!

दक्षिण सोमालियापासून उत्तर मोझांबिकपर्यंत पसरलेला हा पूर्व आफ्रिकेचा स्वाहिली किनारा. अरबीत ‘साहिल’ म्हणजे किनारा, त्याचं अनेकवचन ‘सवाहिल’, त्यावरून हे नाव आलं.

इथल्या भिंतीही समुद्रानंच दिल्या. साध्या भिंतीला किनाऱ्यावरचा जुना, खडबडीत प्रवाळदगड चाले. चौकटी, कोनाडे, मशिदीतला मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) अशा नक्षीकामासाठी मात्र पोराइटीस नावाचं प्रवाळ पाण्यातून ताजं कापून आणत. ओलं असेपर्यंत ते मऊ असतं, हत्यार सहज चालतं. वाळलं की टणक होतं. कारागिराला घाई करावीच लागे. चुनासुद्धा प्रवाळ भाजूनच करत. भट्टीत त्यातला कार्बन डायॉक्साइड निघून जातो, आणि विरवलेला चुना भिंतीला लागला की हवेतून तोच वायू पुन्हा शोषून हळूहळू दगड बनतो. टांझानियातल्या किल्वा बेटावरची मोठी मशीद अशीच उभी राहिली. 11व्या शतकात सुरुवात, पुढे घुमटांसह विस्तार.

किल्वाला एवढं वैभव कुठून आलं? बरंचसं वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आशियाचा भूभाग थंड पडतो, तिथून वारा समुद्राकडे सुटतो आणि ईशान्येकडून या किनाऱ्यावर येतो. हा ‘कास्काझी’. उन्हाळ्यात आशिया तापला की उलट दिशेचा ‘कुसी’ सुरू होतो. विषुववृत्त ओलांडताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळून तोच पुढे आपला नैर्ऋत्य मोसमी वारा होतो. अरबस्तानातून निघालेलं शिडाचं जहाज एका हंगामात येऊन परत जाऊ शके, त्याची दक्षिण हद्द साधारण किल्वापाशी होती. त्यामुळे आणखी दक्षिणेच्या, आजच्या मोझांबिकमधल्या सोफाला बंदराचं सोनं किल्वाच्या हातून जाई. 1331 साली मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला, तेव्हा हे शहर ऐन भरात होतं.

वारा फिरेपर्यंत मात्र खलाशांना महिनोन्‌महिने थांबावं लागे. मला या किनाऱ्याच्या इतिहासातलं सर्वांत जिवंत पान हे थांबणंच वाटतं. त्यात ओळखी झाल्या, लग्नं झाली, घरं उभी राहिली. 1250 ते 1800 या काळातल्या 80 जणांच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. किनाऱ्यावरच्या अनेकांचा आफ्रिकी वारसा मुख्यतः स्त्रियांकडून आलेला होता, तर आशियाई वारसा प्रामुख्यानं इराणी पुरुषांकडून. आणि ही सरमिसळ इसवी सन 1000च्या सुमारासच सुरू झाली होती.

भाषेचा सांगाडा आफ्रिकेतल्या बांटू कुळाचाच राहिला, शब्द मात्र जहाजांबरोबर येत गेले. बंदराला स्वाहिलीत ‘बंदरी’, दुकानाला ‘दुका’, साबणाला ‘साबुनी’, लेखणीला ‘कलामू’. आणि हंगामाला ‘मुसिमू’: आपला मोसम ज्या अरबी ‘मौसिम’मधून आला, त्याच शब्दातून आलेला.