साखर पेशीत शिरते कुठून?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या आमच्या काकूंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, त्याच दिवशी, साखर कॅन्सरला पोसते म्हणून, घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. चहा बिनसाखरेचा, पोह्यांबरोबरची जिलबी बंद. पुढे पेट (PET) स्कॅनच्या, म्हणजे शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीच्या वेळी कळलं की शिरेतून जे इंजेक्शन देतात ते ग्लुकोजचंच एक बदललेलं रूप. काका चक्रावले: "आपण साखर बंद केली आणि हे साखरच टोचतात?"

प्रश्न रास्त होता. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग या शास्त्रज्ञांना दिसलं की ऑक्सिजन भरपूर असतानाही गाठीतल्या पेशी ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. यात ऊर्जा थोडी मिळते, म्हणून ग्लुकोज फार लागतं. पेशींची श्वसनक्रियाच बिघडलेली असते, हे त्यांनी दिलेलं कारण पुढे बहुतेक कॅन्सरांबाबत टिकलं नाही. निरीक्षण मात्र टिकलं.

पण ग्लुकोज पेशीत शिरतं कुठून? पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांचं, त्यातून ते आपोआप आरपार जात नाही. त्याला ने-आण करणारं प्रथिन लागतं. तांबड्या रक्तपेशींतलं असं प्रथिन १९७७ मध्ये वेगळं काढता आलं आणि १९८५ मध्ये त्याची रचना जनुकावरून वाचली गेली. तेच ग्लुट-१. माणसात या कुटुंबातली चौदा प्रथिनं आहेत.

पेट स्कॅनचं इंजेक्शन याच दारातून आत जातं. त्यातला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेला रेणू पेशीत शिरतो, पहिल्या टप्प्यानंतर पुढे पचत नाही आणि तिथेच अडकतो. म्हणून गाठ उजळून दिसते. १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तो पहिल्यांदा माणसाला दिला गेला.

आतड्याच्या कॅन्सरशी या दाराचा संबंध घट्ट झाला तो २००९ मध्ये, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग हाच. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी घेतल्या. केरास आणि ब्राफ ही पेशींच्या वाढीवर ताबा ठेवणारी जनुकं. त्यांपैकी एकात बिघाड असलेल्या पेशींवर ग्लुट-१ जास्त होतं. मग बिघाड नसलेल्या पेशी त्यांनी अगदी कमी ग्लुकोजवर वाढवल्या. बहुतेक मेल्या. तगलेल्या बहुतेकींनी ग्लुट-१ वाढवलेलं होतं, आणि त्यांतल्या काहींमध्ये केरासचा नवा बिघाडही आढळला. उपासमारीत तग धरायला हा बिघाड उपयोगी पडतो, असा त्याचा अर्थ.

मग दारच बंद केलं तर? अडचण अशी की तांबड्या रक्तपेशींना ऊर्जेसाठी ग्लुकोजशिवाय पर्याय नाही आणि मेंदूकडे ग्लुकोज पोचवतं तेही ग्लुट-१च. जन्मतःच ते कमी असलेल्या मुलांना फिट्स येतात, हे १९९१ मध्ये नोंदलं गेलं. २०१६ मध्ये फक्त ग्लुट-१ला नेमकं अडवणारं बे-८७६ हे संयुग पुढे आलं. प्रयोगशाळेत ते कामाचं ठरलं आहे. कॅन्सरवर ग्लुट-१ अडवणारं औषध अजून एकही मंजूर झालेलं नाही.

दुसरी वाट दार उघडंच ठेवते. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लुईस कँटली यांच्या गटाने दाखवलं की क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण झालेलं रूप ग्लुट-१मधून आत जातं आणि केरास-ब्राफ बिघडलेल्या पेशींची ग्लुकोज जाळण्याची साखळी तोडतं. उंदरांमध्ये गाठी कमी झाल्या. चीनमधल्या मोठ्या चाचणीत मात्र केमोबरोबर शिरेतून मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व देऊन सरसकट फायदा झाला नाही, असं २०२२ मध्ये जाहीर झालं. रास गटातल्या जनुकांत (केरास त्यांतलंच एक) बिघाड असलेल्या रुग्णांत थोडा फरक दिसला, पण त्यावरून उपचार ठरवता येत नाही. लिंबू-आवळ्याचा तर याच्याशी काहीच संबंध नाही. तोंडाने घेऊन रक्तात तेवढी पातळी येत नाही.

काकूंच्या रिपोर्टवर केरासची तपासणी आहे, ती सेटुक्सिमॅबसारखी आतड्याच्या कॅन्सरवरची औषधं लागू पडतील का हे पाहण्यासाठी. आणि डबा फळीवर ठेवला तरी यकृत ग्लुकोज तयार करतच राहतं. काकूंचं वजन उतरत होतं, म्हणून डॉक्टरांनी पोटभर खायला सांगितलं. डबा खाली आला.